भिंतीतला जोड आणि हातातला जोड

जुना शॉवर फिरवून काढायचा आणि नवा फिरवून बसवायचा, एवढंच काम. पण तासाभरात नव्या शॉवरच्या मानेशी पाण्याचा मणी धरू लागला, की घरात लगेच दोन निदानं होतात. एक जण म्हणतो, कमी आवळलंय. दुसरा म्हणतो, टेप कमी पडली. मग पान्हा आणखी जोरानं फिरतो किंवा टेपचं अख्खं रीळ संपतं, आणि गळती तशीच राहते. मला वाटतं, या दोन्ही निदानांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या जोडात पाणी नेमकं कोणत्या जागी अडायला हवं?

हा वाद मी इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घालतो आहे. ही दोन माणसं मी कल्पिलेली आहेत. मामांनी आधी गिरगावातल्या चाळींत आणि मग पुण्यातल्या सोसायट्यांत जन्मभर नळकाम केलं. भाची भोसरीच्या एका कारखान्यात आट्यांची गेजवर तपासणी करते. त्यांची मतं मात्र मी कल्पिलेली नाहीत. बाथरूमच्या दारात उभं राहून ती कुणीही ऐकली असतील.

मामा : हे बघ पोरी, पाण्याला वाट दिसली की ते जाणार. म्हणून जोड असा करावा की परत त्याकडे बघायची वेळ येऊ नये. आट्यांवर सूत गुंडाळायचं, वर सफेदा चोळायचा, आणि पान्ह्यानं घट्ट आवळायचं. माझे कितीतरी जोड इमारत पाडायला आली तरी कोरडे होते.

भाची : होते ना मामा, पण ते भिंतीतले जोड होते, जीआय पाइपाचे. शॉवर दर पावसाळ्यानंतर काढावा लागतो. आपल्याकडे बोअरिंगचं पाणी आहे. छिद्रांत क्षार साठतात, धारा वाकड्या जायला लागतात. जो जोड उघडायचाच आहे, तो तुम्ही कायमचा बंद करून टाकता.

मामा : म्हणजे तुझ्या मते ढिला ठेवायचा?

भाची : ढिला नाही. त्याला लागेल तेवढाच. शॉवरच्या दांडीला दोन टोकं असतात, बरोबर? एक भिंतीत जातं, दुसऱ्यावर शॉवर बसतो. दोन्हींवर आटे सारखेच दिसतात. पण भिंतीतल्या टोकाला पाणी आट्यांत अडतं, आणि शॉवरच्या टोकाला वॉशरवर अडतं.

माझ्या मते सगळा विषय इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. दुकानात जिला शॉवर आर्म म्हणतात त्या दांडीचे आटे आपल्याकडे अर्धा इंची बीएसपी असतात. त्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. पुष्कळ जण पट्टी लावून मोजतात, पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर असा हिशेब करतात आणि पाऊण इंची माल घेऊन घरी येतात. अर्धा इंच हे माप मुळात पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. पाऊण इंची आट्यांचा बाहेरचा व्यास सव्वीस मिलिमीटरच्या वर जातो. जुना शॉवर सोबत घेऊन दुकानात गेलं की हा घोळ होत नाही.

आता आट्यांचं. धातूचे आटे एकमेकांत कितीही घट्ट बसले, तरी त्यांच्या शिखरांशी आणि तळाशी बारीक पोकळी राहतेच. ती गोल फिरत वर चढते. इंचाला १४ आटे, त्यातले पाच एकमेकांत अडकले असं धरलं, तर पाण्यासाठी सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीचा एक गोल जिना तयार असतो. सूत असो, टेप असो की पेस्ट, या प्रत्येकाचं काम एकच, हा जिना भरून काढणं. टेफ्लॉनची टेप चिकटत नाही. रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ योगायोगानं सापडला, तेव्हापासून त्याची ख्याती आहे ती कशालाही न चिकटण्याची. आट्यांत ती दोन कामं करते. पोकळी भरते, आणि घर्षण कमी करून आट्यांना थोडं जास्त आत जाऊ देते.

मामा : मग शॉवरच्या टोकालाही तेच आटे, तीच पोकळी. तिथं टेप का नको?

भाची : नवा शॉवर उलटा धरून त्याच्या मानेत बघा. तळाशी काळा किंवा पांढरा रबरी वॉशर दिसेल, कधी जाळीसकट. दांडीचं टोक त्या वॉशरवर जाऊन टेकतं आणि पाणी तिथंच थांबतं. आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं. वॉशर नीट दाबला गेला असेल तर पाणी आट्यांपर्यंत येतच नाही.

मामा : आणि तरी मी चार वेढे टेप मारली, तर बिघडलं काय?

भाची : एक-दोन वेढ्यांनी काही बिघडत नाही, उलट पुढच्या वेळी शॉवर सहज निघतो. पण आठ-दहा वेढे मारले की टेपच आट्यांत दाटते. शॉवर आतपर्यंत जायच्या आधीच घट्ट लागतो. हाताला वाटतं, पुरेसं आवळलं. प्रत्यक्षात दांडीचं टोक वॉशरपासून दोन मिलिमीटर लांबच राहिलेलं असतं. मग गळतं, आणि आपण आणखी टेप मारतो.

मामा थोडे गप्प झाले असते, असं मला वाटतं. जादा टेपमुळे गळती होते हे सांगितलं की पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. पण शॉवर काढून वॉशर बघितला की कळतं. त्यावर दांडीच्या टोकाचा गोल ठसा सलग उमटलेला नसतो. ठसा तुटक असेल, तर दोष टेपचा तरी असतो, नाहीतर दांडीच्या टोकाचा.

मामा : दांडीचं टोक मी सांगतो. स्वस्तातल्या दांडीचं तोंड कापल्यावर घासलेलं नसतं, बोट फिरवलं तर कंगोरा लागतो. तो वॉशरला चिरतो. मी बारीक कानस फिरवून तोंड सपाट करायचो. आणि जुन्या शॉवरचा वॉशर दांडीला चिकटून राहतो, तो न बघता वर नवा शॉवर चढवतात. दोन वॉशर एकावर एक आले की एक सरकतो.

भाची : हे तर मी कुठं वाचलंही नाही.

मामा : वाचायचं काय त्यात, डोळे उघडे ठेवायचे. बरं, जुना शॉवर काढणार कसा?

भाची : कापड गुंडाळून पान्ह्यानं फिरवायचा.

मामा : आणि दुसरा हात?

भाची : दुसऱ्या हाताची काय गरज?

मामा : हीच चूक. सगळ्यात महागातली. शॉवर क्षारानं धरलेला असतो, सहज सुटत नाही. तू त्याला फिरवायला जातेस आणि फिरते दांडी. ती भिंतीतल्या एल्बोत थोडीशी सुटते. तुला वाटतं शॉवर निघाला, आणि भिंतीतला जोड तू स्वतःच मोडलेला असतोस. एका हातानं दांडी घट्ट धरायची, ती तसूभरही हलता कामा नये, आणि दुसऱ्या हातानं शॉवर फिरवायचा. निघत नसेल तर जोर वाढवायचा नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी जोडाभोवती गुंडाळून दोन-तीन तास ठेवायची.

मामांचं हे म्हणणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शॉवर बदलल्यावर भिंतीला आलेली ओल पुष्कळदा नव्या शॉवरमुळे आलेली नसते, जुना काढताना बसलेल्या पिळामुळे आलेली असते. व्हिनेगरचं कारण साधं आहे. हे क्षार मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि सौम्य आम्लात विरघळतात. शॉवर नुसता तुंबला असेल, तर तो प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून काही तास बुडवून ठेवला तरी मोकळा होतो आणि नवा घ्यायची गरजच उरत नाही. संडास धुवायचं ॲसिड मात्र त्याला लावू नये, क्रोमचा मुलामा उतरतो.

भाची : बरं, समजा दांडीही बदलायची आहे. मग भिंतीतला जोड नव्यानं करावा लागेल. तिथं टेप चालेल की नाही?

मामा : तिथं सूत आणि सफेदा.

भाची : का? आटे टेपनंही भरतातच ना?

मामा : भरतात. पण दांडी सरळ नसते, ती वाकलेली असते. आवळून झाल्यावर तिचं तोंड बरोबर खाली यायला हवं. टेप मारून तू आवळत आणलीस, आणि घट्ट झाली तेव्हा तोंड खालच्या जागेच्या थोडं पुढं गेलं, तर काय करणार?

भाची : थोडं मागं घेणार.

मामा : घेतलंस की गळलं. टेप एकदा दाबली गेली की दाबलेलीच राहते, मागं फिरवलं की फट उघडी पडते. सुताचं तसं नाही. ते पाणी पिऊन फुगतं. बोटभर मागं घेतलं तरी नंतर पोकळी भरून काढतं. म्हणून आम्ही सूत वापरत आलो.

भाची : हे मान्य. पण आमच्या नव्या इमारतीत भिंतीत सीपीव्हीसी आहे. एल्बोत पितळेचे आटे असले तरी ते पितळ प्लास्टिकमध्येच ओतलेलं असतं. सूत जास्त झालं की आतून बाहेर रेटतं. शिवाय काही तेलकट रंग आणि पेस्ट सीपीव्हीसीला मानवत नाहीत, त्याला तडे जातात. आणि जुना सफेदा तर शिशाचा असायचा. तो आंघोळीच्या पाण्याच्या वाटेवर मला नको.

मामा : शिशाचा मलाही नको. पण मग तोंड खाली आणणार कसं?

भाची : टेपनंच, फक्त घाई न करता. आधी टेप न लावता दांडी हातानं फिरवून बघायची. किती वेढ्यांनंतर अडते आणि तेव्हा तोंड कुठं असतं ते लक्षात ठेवायचं. मग टेप मारायची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ताण देऊन, चार-पाच वेढे. पहिला आटा मोकळा ठेवायचा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जाऊन शॉवरच्या छिद्रांत अडकत नाहीत. आवळताना तोंड खाली यायच्या आधीच फार घट्ट लागायला लागलं तर थांबायचं, काढायचं, आटे साफ करायचे आणि एक वेढा कमी करून नव्यानं मारायची. खाली येऊनही सैल वाटलं तर एक वेढा वाढवायचा. मागं मात्र कधीच घ्यायचं नाही. हल्ली नायलॉनचा सीलिंग दोराही मिळतो. तो थोडं मागं घेणं सहन करतो.

मामा : आणि आवळायला पाइप-पान्हा लावायचा नाही. दांडी स्वतःच तरफ आहे.

भाची : म्हणूनच जपायचं. भिंतीपासून वीस सेंटिमीटरवर हातानं दहा किलोचा जोर दिला, तर एल्बोवर साधारण वीस न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. जीआयच्या एल्बोला त्याचं काही वाटत नाही. सीपीव्हीसीच्या एल्बोत पितळ आतल्या आत फिरलं, तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही.

या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूचा आहे, पण पूर्ण नाही. जुन्या इमारतीत, जीआयच्या लाइनवर, मामांचं सूत आजही उत्तम आहे. भिंतीमागे काय आहे हे माहीत नसेल, तर तिथे सीपीव्हीसी आहे असंच धरून हात हलका ठेवावा. गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या घरांत बहुधा तेच असतं.

मामा : तुझ्या दादानं अमेरिकेहून शॉवर आणला होता. न्यू जर्सीतल्या दुकानातला, भारीतला. तो काही माझ्या हातून नीट बसला नाही.

भाची : तिकडचे आटे वेगळे, मामा. इंग्लंडात व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंशांचा ठरवला, आपले बीएसपी त्यांचेच. अमेरिकेत सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंश सुचवले, तिकडच्या एनपीटी आट्यांत तोच कोन आहे. अर्धा इंचीला दोघांकडेही इंचाला १४ आटे, म्हणून सुरुवातीला छान चढतं आणि माणूस फसतो.

मामा : मग फेकून द्यायचा?

भाची : नाही. शॉवर वॉशरवर सील होतो, त्यामुळे आटे थोडे सैल लागले तरी वॉशर दाबला गेला तर बहुतेक वेळा चालून जातो. तिकडची दांडी मात्र आपल्या भिंतीत अजिबात घालायची नाही. त्या टोकाचा व्यास आपल्यापेक्षा जवळजवळ ०.४ मिलिमीटरनं मोठा, आणि कोन वेगळा. ती अडकते, एल्बोचे आटे खराब करते आणि तरीही गळते.

मामा : पाणीही बारीक येत होतं त्यातून.

भाची : ते येणारच. तिकडच्या १९९२ च्या कायद्यानं शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनची, म्हणजे साडेनऊ लिटरची मर्यादा घातली, तीही ८० पीएसआय दाबाला. म्हणजे साडेपाच बार. आपल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीची टाकी शॉवरच्या वर जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब ०.३ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. आत साधं छिद्र असेल तर तोच शॉवर मिनिटाला सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी देईल.

मामा : म्हणजे शॉवर वाईट नव्हता.

भाची : दाबाला तो चुकीचा होता. वरच्या मजल्यावर मोठी छिद्रं असलेला साधा शॉवर घ्यावा.

दाबाचा हा हिशेब गळतीलाही लागू पडतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब. चार मजली इमारतीत तळमजल्याच्या शॉवरला वरच्या मजल्याच्या तिप्पट-चौपट दाब मिळतो. वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला जोड प्रेशर पंप बसवल्याच्या दिवशी गळायला लागतो तो यामुळे. दोष पंपाचा नसतो, जोड आधीपासूनच कच्चा असतो.

मामा : तपासायचं कसं, ते सांग. नुसतं डोळ्यांनी दिसत नाही.

भाची : जोड आधी पुसून कोरडा करायचा. मग त्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळायचा आणि पाच मिनिटं पूर्ण पाणी सोडायचं. ओला डाग पडला की कळतं, आणि कुठून सुरू झाला तेही. मग गरम पाण्यावर पुन्हा. गीझरच्या पाण्यानं धातू आणि प्लास्टिक वेगवेगळं प्रसरण पावतं, थंड पाण्यात न दिसलेली फट तेव्हा दिसते.

मामा : आणि बंद केल्यावर शॉवरच्या तोंडातून टपटपतं ते?

भाची : दोन-चार मिनिटांत थांबलं तर शॉवरच्या पोटात उरलेलं पाणी आहे. तासन्‌तास चालू राहिलं तर दोष खालच्या कॉकचा. तिथं कितीही टेप मारली तरी उपयोग नाही.

दांडीत पाणी येतं ते फक्त कॉक उघडल्यावर. त्यामुळे भिंतीतला जोड कच्चा असला तरी तो रोज दहा-पंधरा मिनिटंच गळतो, आणि ते पाणी भिंत मुकाट्यानं पिऊन टाकते. बाहेर काही दिसत नाही. कित्येक महिन्यांनी शेजारच्या खोलीत कपाटामागचा रंग फुगतो किंवा खालच्या मजल्यावरचे लोक छताचा डाग दाखवायला येतात, आणि सगळे टाइलच्या सांध्यांना दोष देत बसतात.

मामा : म्हणून मी दांडीच्या मुळाशी जी गोल वाटी असते, तिच्याभोवती पांढरं सिमेंट भरून टाकायचो. पाणी आत जायला नको.

भाची : मामा, इथे मात्र मी तुमचं ऐकणार नाही. बाहेरचं पाणी आत जायला नको, म्हणून वरची आणि बाजूची कड भरा. खालची कड उघडी ठेवा. आतला जोड गळला तर पाणी त्या फटीतून बाहेर येईल, टाइलवर ओघळ दिसेल, आणि त्याच दिवशी कळेल. पूर्ण बंद केलंत तर ते भिंतीतच मुरेल.

मामा : आजवर कुणी मला असं सांगितलं नव्हतं. दिसायला वाईट दिसतं म्हणून गिऱ्हाईकच म्हणायचं, सगळीकडून भरा.

भाची : खालची फट उभ्या माणसाला दिसतही नाही.

मामा : बरं, आणि ओघळ दिसलाच, तर? दांडी अजून थोडी आवळायची?

भाची : नाही ना. आवळली तर तोंड खालून बाजूला जाईल, आणि सीपीव्हीसी असेल तर वर पीळ. कॉक बंद करायचा, दांडी पूर्ण काढायची, जुनी टेप जुन्या टूथब्रशनं खरवडून काढायची, एल्बोच्या आतले आटे टॉर्च लावून बघायचे. तडा दिसला तर पुढचं काम तुमच्यासारख्यांचं. तडा नसेल तर नवी टेप मारून पुन्हा सुरुवातीपासून.

मामा : आणि माझ्याकडे जीआयची लाइन असेल तर मी सूतच वापरणार.

भाची : वापरा. फक्त सफेदा शिशाचा नाही ना, हे डब्यावर वाचून घ्या.